२^६४ − १, म्हणजेच १८४४६७४४०७३७०९५५१६१५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांची संख्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वीस अंकी संख्येविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि संगणकावर काम करणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकाच मुद्द्याचा दोन ठिकाणी संबंध येतो, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. खाली २^६४ असे लिहिले असेल तेथे ‘२ चा ६४ वा घात’ असे वाचावे.

१. ही संख्या नेमकी कोणती आणि मराठीत ती वाचायची कशी?

चौसष्ट वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून १ वजा केला की ही संख्या मिळते. आपल्याकडील पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ती १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ अशी लिहिली जाते. कोटीच्या पुढची नावे आज व्यवहारात फारशी राहिलेली नाहीत. त्यामुळे ‘एक लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे सदुसष्ट कोटी कोटी, चव्वेचाळीस लाख सात हजार तीनशे सत्तर कोटी, पंच्याण्णव लाख एक्कावन्न हजार सहाशे पंधरा’ असे वाचणे सर्वांत निःसंदिग्ध ठरते.

जुन्या नावांनीच वाचायची असेल, तर भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेली अठरा स्थानांची यादी एककापासून परार्धापर्यंत, म्हणजे १०^१७ पर्यंत जाते. त्या यादीनुसार ही संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७० कोटी, ९५ लाख, ५१ हजार ६१५ अशी होते (निखर्वाच्या स्थानी शून्य आहे). मात्र यादी कोणती हे सांगितल्याशिवाय परार्ध हे नाव वापरू नये, कारण यजुर्वेदातील यादीत परार्ध म्हणजे केवळ १०^१२.

२. पटावर घरे ६४ आहेत, मग २^६४ मधून एक वजा का करायचा?

गोष्ट अशी की, बुद्धिबळाचा खेळ शोधणाऱ्याने राजाकडे पहिल्या घरासाठी एक दाणा, दुसऱ्यासाठी दोन, तिसऱ्यासाठी चार, याप्रमाणे प्रत्येक घराला दुप्पट दाणे मागितले. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न खल्लिकान याने ही कथा नोंदवली आहे. पहिल्या घरात २^० दाणे असल्यामुळे चौसष्टाव्या घरात २^६३ दाणे येतात, २^६४ नव्हे. बेरीज करायची आहे ती १ + २ + ४ + … + २^६३ या भूमिती श्रेढीची.

सूत्र आठवत नसले तरी बिघडत नाही. पटाबाहेरून एक दाणा उसना आणावा आणि तो पहिल्या घरातील दाण्यात मिळवावा, म्हणजे २ होतात. त्यांत दुसऱ्या घरातले २ मिळवले की ४ होतात, तिसऱ्यातले ४ मिळवले की ८, आणि असे करत शेवटच्या घरापर्यंत गेले की बरोबर २^६४ होतात. उसना दाणा परत करायचा असतो, म्हणून एक वजा.

३. संगणक किंवा गणनयंत्र न वापरता ही संख्या काढता येते का?

येते, आणि त्यासाठी चौसष्ट वेळा दुप्पट करण्याचीही गरज नाही. इसवी सन १००० च्या सुमारास अल-बिरुनी याने हाच हिशेब करताना एक नेटका नियम वापरला होता: एखाद्या घरातील संख्येचा वर्ग केला, तर पहिल्या घरापासून ते घर जितके दूर आहे तितकेच पुढे असलेल्या घरातील संख्या मिळते. पाचव्या घरात १६ आहेत. १६ चा वर्ग २५६ हा नवव्या घरात, २५६ चा वर्ग ६५५३६ हा सतराव्या घरात, त्याचा वर्ग ४२९४९६७२९६ हा तेहतिसाव्या घरात आणि त्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६ हा, पटावर नसलेल्या, पासष्टाव्या घरात येतो. त्यातून एक वजा केला की उत्तर तयार. म्हणजे १६ पासून फक्त चार गुणाकार पुरतात. त्यांपैकी शेवटचाच काय तो दमवणारा आहे.

गुणाकार तपासण्यासाठी नऊने भागून उरणारी बाकी पाहावी. ४२९४९६७२९६ च्या अंकांची बेरीज ५८ असल्याने बाकी ४ उरते. ४ चा वर्ग १६, म्हणजे वर्गाची बाकी ७ यायला हवी. २^६४ च्या अंकांची बेरीज ८८ येते आणि तिची बाकी ७ आहे. ही तपासणी सर्व चुका पकडत नाही (दोन अंकांची अदलाबदल तिला कळत नाही), पण हातच्याच्या बहुतेक चुका पकडते.

४. अर्धा पट भरला की अर्धे दाणे संपतात, असे म्हणता येईल का?

नाही. पहिल्या ३२ घरांत मिळून ४२९४९६७२९५ दाणे असतात आणि एकट्या तेहतिसाव्या घरात त्याहून एक जास्त. कोणत्याही घरातील दाणे त्याआधीच्या सर्व घरांतील एकूण दाण्यांपेक्षा एकने जास्त असतात. त्यामुळे चौसष्टावे घर एकटेच एकूण संख्येचा निम्म्याहून किंचित मोठा वाटा, ९२२३३७२०३६८५४७७५८०८ दाणे, घेऊन बसते.

५. इतका तांदूळ जगात आहे का?

तांदळाचा एक दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला, म्हणजे किलोत ४० हजार दाणे, तर एकूण वजन सुमारे ४६,१०० कोटी टन होते. जगात वर्षाला साधारण ५० कोटी टन तांदूळ तयार होतो हे लक्षात घेता, हे नऊशेहून अधिक वर्षांचे उत्पादन झाले. जातीनुसार दाण्याचे वजन बदलते, त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे दिसतात. त्यांवरून वाद घालण्यात अर्थ नाही. सांगण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: याच हिशेबाने पहिल्या १६ घरांचा तांदूळ जेमतेम दीड-पावणेदोन किलो भरतो आणि पहिल्या ३२ घरांचा १०७ टन. अर्ध्या पटापर्यंत राजाला आपण फसलो आहोत हे कळण्याचे काही कारणच नव्हते.

६. काशीच्या मंदिरातील चकत्यांच्या गोष्टीत हीच संख्या कशी येते?

तीन खांब आणि लहानमोठ्या चकत्या यांचे हे कोडे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका याने १८८३ मध्ये प्रसिद्ध केले. काशीच्या मंदिरात सोन्याच्या ६४ चकत्या पुजारी अखंड हलवत आहेत ही कथा त्या कोड्याबरोबरच युरोपात पसरली. सर्वांत मोठी चकती हलवण्यापूर्वी तिच्यावरच्या सर्व चकत्या मधल्या खांबावर न्याव्या लागतात आणि नंतर पुन्हा तिच्यावर आणाव्या लागतात. म्हणून एक चकती वाढली की चालींची संख्या दुप्पट होऊन वर एक येते, आणि ६४ चकत्यांसाठी किमान २^६४ − १ चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरल्यास सुमारे ५८५ अब्ज वर्षे लागतील. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानले जाते, म्हणजे त्याच्या बेचाळीस पट.

७. ही मूळ संख्या आहे का? नसल्यास तिचे मूळ अवयव कोणते?

मूळ संख्या नाही. शेवटचा अंक ५ आहे एवढ्यावरूनच ते कळते. परंतु सर्व अवयव पाडायचे असतील, तर अंकांकडे पाहत बसण्यापेक्षा २^६४ − १ या रूपाकडे पाहावे. शाळेत शिकलेले वर्गांतराचे सूत्र, अ² − ब² = (अ + ब)(अ − ब), येथे पुन्हा पुन्हा लावता येते. २^६४ − १ = (२^३२ + १)(२^३२ − १). यातला दुसरा कंस पुन्हा वर्गांतर आहे, त्यातून निघणारा दुसरा कंसही तसाच, आणि ही मालिका २ − १ पर्यंत जाते. अखेरीस आपली संख्या ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७ अशी उलगडते.

यांतले पहिले पाच अवयव मूळ आहेत. सहावा तसा नाही. ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७, आणि हे दोन्ही मूळ आहेत. म्हणून पूर्ण उत्तर ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७ असे आहे. या संख्येचे पुढे येणारे बहुतेक गुणधर्म या एका ओळीतून निघतात.

८. ६४१ हा अवयव सापडला कसा? तो हाताने पडताळता येतो का?

२^२ + १, २^४ + १, २^८ + १ अशा, म्हणजे घातांकही २ चाच घात असलेल्या संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या मूळ आहेत हे पाहून पुढच्याही सर्व मूळ असाव्यात, असे पिएर द फर्मा याने १६४० च्या सुमारास पत्रांतून म्हटले होते. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलर याने लगेच पुढची, २^३२ + १ ही संख्याच संयुक्त आहे हे दाखवले. या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा एकने जास्त असला पाहिजे, असे ऑयलरने सिद्ध केले आहे. त्यामुळे तपासायला उरतात त्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा मोजक्या संख्या. पहिल्या चारांनी भाग जात नाही, पाचवीने जातो.

पडताळा तर भागाकार न करताही घेता येतो, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो. ६४१ = ५ × २^७ + १ आणि ६४१ = ५^४ + २^४ या दोन्ही समानता तोंडी तपासता येतात (६४० + १ आणि ६२५ + १६). पहिलीवरून, ६४१ ने भागताना ५ × २^७ हा −१ सारखा वागतो, म्हणून त्याचा चौथा घात ५^४ × २^२८ हा १ सारखा वागेल. दुसरीवरून ५^४ हा −२^४ सारखा वागतो. तो तेथे ठेवला की −२^३२ हा १ सारखा वागतो, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो.

६७००४१७ मूळ आहे हे पाहणेही फार अवघड नाही. १८७८ मध्ये ल्युकाने ऑयलरची अट आणखी घट्ट करून अवयव १२८ च्या पटीपेक्षा एकने जास्त असतो हे दाखवले. ६७००४१७ चे वर्गमूळ २५८९ पेक्षा लहान आहे. तोपर्यंत या अटीत बसणाऱ्या मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच आहेत आणि त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही.

९. तिला विभाजक किती? ती परिपूर्ण संख्या आहे का?

सातही मूळ अवयव वेगवेगळे आहेत, कोणताही दोनदा आलेला नाही. प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा एवढेच पर्याय असल्याने एकूण विभाजक २^७ = १२८ होतात, आणि ते सर्व विषम आहेत. सर्वांत मोठा (ती संख्या सोडून) ६१४८९१४६९१२३६५१७२०५ हा आहे. तो तिचा तिसरा हिस्सा. स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज नेमकी संख्येइतकी भरली, तर ती परिपूर्ण. येथे ती बेरीज आपल्या संख्येच्या सुमारे ७० टक्केच भरते, म्हणून ती परिपूर्ण नाही, न्यून आहे.

१०. २^न − १ या रूपाच्या संख्या मूळ असतात असे वाचले होते. मग ही का नाही?

‘असतात’ नव्हे, ‘असू शकतात’ असे म्हणायला हवे. न हा घातांक संयुक्त असेल तर २^न − १ नक्कीच संयुक्त असते, कारण न ला क ने भाग जात असल्यास २^न − १ ला २^क − १ ने भाग जातो. ६४ संयुक्त असल्याने प्रश्न तेथेच मिटतो. उलट विधान मात्र खोटे आहे. ११ मूळ असूनही २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ६४ च्या अलीकडे पाहिले तर २^६१ − १ = २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ आहे आणि ते इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने १८८३ मध्ये सिद्ध केले. पलीकडे, मेर्सेनने १६४४ मध्ये मूळ म्हणून नोंदवलेली २^६७ − १ ही प्रत्यक्षात १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ निघाली. हे अवयव फ्रँक कोल याने १९०३ मध्ये मांडले.

११. ही पूर्ण वर्ग आहे का? दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का?

दोन्ही नाही. पूर्ण वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ उरते, त्यामुळे दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ असू शकते. आपल्या संख्येची बाकी ३ आहे. ८ ने भागून पाहिल्यास याहून कडक निष्कर्ष मिळतो. वर्गाची बाकी तेव्हा ०, १ किंवा ४ असते आणि अशा तीन बाक्यांची बेरीज करून ७ ही बाकी कधीच मिळत नाही, तर आपल्या संख्येची बाकी नेमकी ७ आहे. म्हणून तीन वर्गही पुरत नाहीत. चार वर्ग मात्र पुरतात, कारण कोणतीही धन पूर्णांक संख्या चार वर्गांच्या बेरजेने लिहिता येते, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले आहे.

१२. वर्गांच्या वजाबाकीने किंवा क्रमागत संख्यांच्या बेरजेने ती किती प्रकारे लिहिता येते?

दोन धन संख्यांच्या वर्गांची वजाबाकी म्हणून ती बरोबर ६४ प्रकारे लिहिता येते. विषम संख्येचे प्रत्येक दोन अवयवी विभाजन एक वर्गांतर देते, आणि १२८ विभाजकांच्या ६४ जोड्या होतात (प्रश्न ९ पाहा). घरांच्या संख्येशी हा आकडा जुळतो हा निव्वळ योगायोग आहे. ६४१ चा शोध लागण्यापूर्वी कोणी हा हिशेब केला असता, तर त्याला ३२ च प्रकार मिळाले असते. या ६४ पैकी एका टोकाचे विभाजन (२^३२)² − १² हे, आणि दुसऱ्या टोकाचे (२^६३)² − (२^६३ − १)² हे.

दोन किंवा अधिक क्रमागत धन संख्यांच्या बेरजेचे प्रकार १२७ आहेत, म्हणजे विषम विभाजकांच्या संख्येपेक्षा एकने कमी. सर्वांत सोपा प्रकार ९२२३३७२०३६८५४७७५८०७ + ९२२३३७२०३६८५४७७५८०८ हा आहे.

१३. दाणे त्रिकोणात रचता येतील का, म्हणजे ती त्रिकोणी संख्या आहे का?

नाही. एखादी संख्या त्रिकोणी असेल तर तिची ८ पट अधिक १ हा पूर्ण वर्ग असतो. येथे तो आकडा २^६७ − ७ येतो. त्याला १९ ने भागल्यास बाकी १५ उरते (२^९ ची बाकी −१ येते, म्हणून २^६७ ची बाकी ३, आणि ३ − ७ म्हणजे −४). १९ ने भागताना वर्गांची बाकी ०, १, ४, ५, ६, ७, ९, ११, १६ किंवा १७ यांपैकीच असते. यादीत १५ नाही.

२^न − ७ हा पूर्ण वर्ग केव्हा होतो, हा प्रश्न श्रीनिवास रामानुजन यांनी १९१३ मध्ये भारतीय गणित संस्थेच्या नियतकालिकात मांडला होता. न = ३, ४, ५, ७ आणि १५ ही पाचच उत्तरे आहेत, याची सिद्धता नॉर्वेच्या ट्रिग्वे नागेल याने १९४८ मध्ये दिली. त्यावरून पटाच्या भाषेत असे म्हणता येते की, दाणे पहिल्या १, २, ४ किंवा १२ घरांचेच घेतले (१, ३, १५, ४०९५), तरच त्यांचा पूर्ण त्रिकोण होतो.

१४. इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येईल का?

तत्त्वतःही काढता येत नाही. विषम बाजूंचा सुसम बहुभुज काढण्यासाठी बाजूंची संख्या परस्परभिन्न, मूळ अशा फर्मा संख्यांचा गुणाकार असावी लागते. गाउसने १७९६ मध्ये सतरा बाजूंच्या बहुभुजापासून हा विषय उघडला आणि ही अट आवश्यकच आहे हे वान्त्झेलने १८३७ मध्ये दाखवले. २^३२ − १ = ४२९४९६७२९५ ही अट पाळते, म्हणून तितक्या बाजूंचा बहुभुज तत्त्वतः काढता येतो. विषम बाजूंच्या बाबतीत आज ज्ञात असलेली ती सर्वांत मोठी संख्या आहे. २^६४ − १ मध्ये मात्र ६४१ आणि ६७००४१७ घुसतात, आणि या दोन्ही फर्मा संख्या नाहीत.

१५. संगणकात हीच संख्या सारखी का भेटते, आणि तिच्यात १ मिळवल्यावर शून्य का येते?

द्विमान पद्धतीत ही संख्या म्हणजे ओळीने ६४ एकके, आणि ६४ बिटांच्या कप्प्यात मावणारी ती सर्वांत मोठी चिन्हरहित पूर्णांक संख्या आहे. सोळाच्या पायावर ती १६ वेळा ‘एफ’ अशी दिसते. आठच्या पायावर मात्र ६४ ला ३ ने भाग जात नसल्याने ती १ आणि त्यापुढे २१ वेळा ७ अशी दिसते. त्या सुरुवातीच्या १ मुळे पुष्कळ जण गोंधळतात. तिच्यात १ मिळवला की २^६४ होते, ज्यासाठी पासष्टावा बिट लागतो. तो कप्प्यात नसल्याने हातचा गळून पडतो आणि मागे ६४ शून्ये राहतात. याच कारणामुळे चिन्हासह वाचल्यास तीच ६४ एकके −१ म्हणून वाचली जातात.

१६. माझ्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ दिसते. ती वेगळी का?

ती २^६३ − १ आहे. ऋण संख्याही साठवायच्या असल्या की एक बिट चिन्हासाठी जातो. अंकगणिताच्या दृष्टीने या दोन मर्यादांचा स्वभाव पार वेगळा आहे. २^६४ − १ मध्ये कोणताही मूळ अवयव दोनदा येत नाही, तर २^६३ − १ = ७² × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७ हिला ४९ ने भाग जातो.

१७. स्प्रेडशीटमध्ये ही संख्या टाकली की शेवटचे अंक बदलतात. कोणता आकडा खरा?

खरा आकडा १ ने सुरू होणारा आणि ६१५ ने संपणाराच. एक्सेल पंधरा सार्थ अंकच ठेवते, म्हणून अंक टंकित केल्यास १८४४६७४४०७३७०९५००००० दिसते आणि =२^६४−१ या सूत्राने काढल्यास, पुढचा अंक पाहून पूर्णांकन होत असल्यामुळे, १८४४६७४४०७३७०९६००००० दिसते. ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट याच जागी १८४४६७४४०७३७०९५५२००० छापते. कारण एकच आहे: या साधनांत संख्येसाठी ५३ बिटांचीच अचूकता असते आणि २^६४ च्या जरा खाली साठवता येणाऱ्या दोन लगतच्या संख्यांमध्ये २०४८ चे अंतर पडते. आपली संख्या त्या फटीत सापडते आणि सर्वांत जवळच्या २^६४ वर ढकलली जाते. छापील रूपाचा दोष दुय्यम आहे. खरा धोका असा की, सात विषम मूळ अवयव असलेली संख्या नकळत निव्वळ २ चा घात होऊन बसते आणि तिच्यावर केलेली विभाज्यतेची प्रत्येक चाचणी चुकते. अचूक काम हवे असेल तेथे पायथॉनचे पूर्णांक किंवा जावास्क्रिप्टमधील बिगइंट वापरावे.

१८. तिला ७, ११ किंवा १३ ने भाग जातो का?

नाही. बाक्या अनुक्रमे १, ४ आणि २ उरतात. सातचे उदाहरण पाहा: २^३ = ८ ची बाकी १ असल्याने घातांकातून तीनाच्या पटी काढून टाकता येतात. ६४ मधून ६३ गेले, २^१ − १ = १ उरले.

१९. कापरेकरांच्या हर्षद आणि स्वयंभू संख्यांत ही बसते का?

देवळाली येथे शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी सांगितलेल्या या दोन्ही प्रकारांत ती बसत नाही, पण नकाराची कारणे पाहण्यासारखी आहेत.

हर्षद संख्येला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो. येथे अंकांची बेरीज ८७ = ३ × २९ आहे. ३ ने भाग जातो, परंतु २९ हा प्रश्न ७ मधील सात अवयवांत नाही.

कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. आपली संख्या अशी तयार होते का, हे शोधण्यासाठी शेवटचे तीन अंक अज्ञात मानू. आधीच्या सतरा अंकांची बेरीज ७५ आहे, म्हणून तीन अंकी भाग आणि त्याच्या अंकांची बेरीज मिळून ६१५ − ७५ = ५४० व्हायला हवेत. शतकस्थानी ५ ठेवल्यास ११ गुणिले दशक अधिक २ गुणिले एकक बरोबर ३५ अशी अट उरते आणि दशक ३, एकक १ हे एकच उत्तर मिळते. म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१५३१ ही तिची जनक संख्या. तिच्या अंकांची बेरीज ८४ आहे आणि ५३१ + ८४ = ६१५. शतकस्थानी ४ किंवा त्याहून लहान अंक ठेवून ५४० पर्यंत पोहोचता येत नाही, ६ किंवा मोठा ठेवल्यास ५४० ओलांडले जातात, आणि सतरा अंकी भाग एकने कमी केला तर ६१५ पर्यंत पोहोचणे अशक्य होते. त्यामुळे जनक एकच आहे.

२०. तिच्या शेजारच्या संख्यांचे काय? त्यांच्यावर फर्माची चाचणी लावल्यास वेगवेगळी उत्तरे का येतात?

तिच्या आधीची सर्वांत जवळची मूळ संख्या २^६४ − ५९, म्हणजे १८४४६७४४०७३७०९५५१५५७ ही आहे. तिच्या लगेच पुढे २^६४ येते आणि त्याच्या पुढे २^६४ + १ ही फर्मा संख्या.

फर्माची चाचणी अशी: म ही विषम मूळ संख्या असेल तर २^(म − १) ला म ने भागल्यास बाकी १ उरते. बाकी वेगळी आली तर म नक्की संयुक्त. आपल्या संख्येने भागताना २^६४ ची बाकी १ असते, त्यामुळे घातांकातून ६४ च्या पटी काढता येतात. २^६४ − २ या घातांकातून त्या काढल्या की ६२ उरतात. बाकी २^६२ येते, १ नव्हे, आणि संख्या संयुक्त असल्याचे एका ओळीत सिद्ध होते.

२^६४ + १ ला हीच चाचणी लावली तर ती बिनदिक्कत उत्तीर्ण होते. तिने भागताना २^६४ हा −१ सारखा, म्हणून २^१२८ हा १ सारखा वागतो आणि चाचणीतील घातांक २^६४ ला १२८ ने भाग जातो. तरीही ती मूळ नाही. १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे अवयव थॉमस क्लाउझेन याला १८५५ मध्ये आणि फोर्त्युने लँड्री याला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, १८८० मध्ये सापडले. प्रत्येक फर्मा संख्या पाया २ ची चाचणी उत्तीर्ण होतेच, मग ती मूळ असो वा संयुक्त. म्हणून त्यांच्यासाठी पाया ३ वर आधारलेली, १८७७ मधील पेपँ याची चाचणी वापरतात.